मूळ घोडीचा प्रश्न

पाठचिकित्सेच्या तासाला बसलेला विद्यार्थी पंधरा वर्षांनी परत येतो आणि त्या तासाचा जाब विचारतो, असा प्रसंग आम्हां दोघांच्या अध्यापनकाळात प्रथमच आला. गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला तो लांबलचक काळी पेटी घेऊन. पेटीत त्याच्या वडिलांची बास गिटार होती. फेंडर कंपनीची, 1973 सालची प्रिसिजन बास. वडील त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांतून वाजवीत. जहाजावर नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने ती त्यांना परदेशातून आणून दिली होती. वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली. मुलगा स्वतः वाजवतो, आणि त्याला ती गिटार वाजवायची आहे. अडचण एकच. तिचा ब्रिज गंजला आहे.

समुद्राकाठची हवा आणि तीस वर्षांचा तळहाताचा घाम यांनी त्या पोलादी पट्टीचा मुलामा खाल्ला आहे. सर्वांत जाड तारेची उंची कमीजास्त करणारे दोन बारीक स्क्रू जागच्या जागी धरले आहेत. तार पडद्यांपासून नको इतकी उंच राहते, आणि वरच्या पडद्यांवर ती सुरातही लागत नाही. दुरुस्ती करणारा म्हणाला, हा पत्रा फेकून द्या, जाडजूड नवा ब्रिज बसवा, आवाजही सुधारेल. गिटार विकत घ्यायला तयार असलेला एक गृहस्थ म्हणाला, कशालाही हात लावू नका, मूळचे सगळे तसेच असेल तरच ही किंमत. "सर, मॅडम, तुम्ही आम्हांला मूळ संहिता म्हणजे काय ते शिकवलंत," विद्यार्थी म्हणाला, "आता मला सांगा, मी काय करू?"

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. वाद्याच्या तंत्रात आमचा अधिकार शून्य. पण प्रश्न ओळखीचा निघाला, म्हणून थोडे वाचले, थोडे विचारले, एकमेकांशी बरेच भांडलो. हे टिपण त्यातून आले आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. तंबोऱ्याला जी घोडी, तोच गिटारचा ब्रिज. तार एका टोकाला खुंटीने ताणलेली असते, दुसऱ्या टोकाला ती घोडीवर टेकते. या दोन टेकूंच्या मधली तार कंप पावते. तंबोऱ्याची तार मोकळीच छेडतात. गिटारची तार मात्र पडद्यावर दाबावी लागते, आणि दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. हा चढ भरून काढण्यासाठी घोडीवरचा तारेचा टेकू, ज्याला सॅडल म्हणतात, जरासा मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी लागते. जाड तारेला अधिक, बारीक तारेला कमी. म्हणजे चार तारांचे चार टेकू चार निरनिराळ्या जागी हवेत. ब्रिजचे खरे काम हे आहे. चौतीस इंचांच्या तारेवर एखाद्या मिलिमीटरची ही मागेपुढे सरकवासरकव.

आता गंमत पाहा. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या गृहस्थाने 1951 साली ही बास बाजारात आणली तेव्हा तिचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक, असे ठेवले. उभ्या बासला पडदे नसतात, तिथे सूर कानाने शोधावा लागतो. हिला पडदे आहेत, म्हणून सूर नेमका. पण त्या पहिल्या वाद्याच्या ब्रिजवर चार तारांना सॅडल होते दोनच! दोन दोन तारा एकेका टेकूवर. एक तार बरोबर लावली की शेजारीण हटकून थोडी बिघडणार. नावात अचूकपणा आणि घोडीत तडजोड, असे ते मूळ वाद्य होते. 1957 साली फेंडरनेच ते दुरुस्त केले, प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल दिला. म्हणजे मूळ ब्रिज सर्वांत आधी बदलला तो मूळ कर्त्यानेच, आणि तोही सहा वर्षांच्या आत. ज्यांनी एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या ताडून पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटू नये. लेखकाने स्वतः केलेली दुरुस्ती प्रमाण मानायची की पहिला आवेग, हा प्रश्न आपण वर्गात दरवर्षी विचारतो.

लिओ फेंडरविषयी आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि ती तो कधी शिकलाही नाही. व्हायोलिन घडवणारा कारागीर दांडी सरसाने चिकटवतो. फेंडरने ती चार स्क्रूंनी आवळली. ब्रिज म्हणजे वाकवलेला पोलादी पत्रा, पाच स्क्रूंनी लाकडावर बसवलेला. भाग बिघडला तर काढा, दुसरा लावा, अशी ती सारी रचना. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची दृष्टी तीत आरपार दिसते. ज्या वाद्याच्या कर्त्याने प्रत्येक भाग सुटा करता येईल असाच योजला, त्याच्या एका सुट्या भागाला आज आपण हात लावू नये असे म्हणतो, तेव्हा त्या कर्त्याचा मान राखतो की दुसऱ्याच कशाचा?

तो दुसराच कशाचा, हे सांगणे कठीण नाही. जानेवारी 1965 मध्ये फेंडरने आपली कंपनी सीबीएस या बड्या उद्योगाला 1 कोटी 30 लाख डॉलरांना विकली. त्यानंतरच्या वाद्यांची घडण सैल झाली असे वादकांत बोलले जाऊ लागले, आणि आधीच्या वाद्यांना सुवर्णयुगाचे वलय आले. वलय आले की व्यापारी येतो. तो स्क्रूंची डोकी तपासतो, रंगाच्या थराखाली पाहतो, सांधलेल्या तारांचे कथील न्याहाळतो. हे सारे पाहून आम्हांला आमच्याच व्यवसायबंधूंची आठवण झाली. कागद, शाई, वळण, हाशिये. फरक इतकाच की पोथी पाहणारा शेवटी पोथी वाचतो. संग्राहकाने वाद्य वाजवलेच पाहिजे अशी कुणाची अट नसते.

तथापि दुरुस्ती करणाऱ्याचा दावाही आम्हांला तपासून घ्यावासा वाटला. जड ब्रिज बसवला की आवाज सुधारतो, सूर अधिक काळ टिकतो, असे त्याचे म्हणणे. हा समज 1970 च्या दशकापासूनचा. तेव्हा अमेरिकेत लिओ क्वान या नावाने बॅडअ‍ॅस नावाचे जाड, भक्कम ब्रिज निघाले आणि बासवादकांनी ते उचलून धरले. त्यात काही तथ्य आहे. सॅडल डगमगत नाहीत, वाजवताना स्क्रू आपोआप सैल होत नाहीत, तार पक्की बसते. पण बासवर सूर लवकर मरण्याची जी प्रसिद्ध जागा आहे, सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपासची, तिचे कारण घोडीत नसून दांडीत आहे. त्या स्वराला लांब दांडीच स्वतः थरथरते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. घोडी कितीही जड करा, दांडी थरथरायची थांबत नाही. तेव्हा जुन्या पत्र्याची जी निंदा होते तिच्यातली निम्मी तरी दुसऱ्याच्या अपराधाची आहे, असे आमचे मत झाले. साधा वाकवलेला पत्रा असलेल्या ब्रिजवर जगातले पुष्कळसे उत्तम बासवादन झाले आहे.

त्यांतले सर्वांत थोर उदाहरण डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनचे. मोटाउनच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत ज्याची बास ऐकू येते तो हा वादक, आणि 1971 पर्यंत तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नावदेखील छापले गेले नाही. त्याच्याकडे 1962 ची प्रिसिजन बास होती. तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. ब्रिजवर कारखान्यातून येणारे धातूचे झाकण बहुतेक वादक काढून फेकत. त्याने ते राहू दिले, आणि त्याच्या खालचा फोमचा तुकडाही. त्या फोमने तारेचा नाद आखूड होतो, ठोका गोल आणि बसका होतो. जो आवाज आपण त्याचा म्हणून ओळखतो, तो काही अंशी काहीही न बदलण्याचा आवाज आहे. 1983 साली त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी ती बास चोरीला गेली. ती अद्याप मिळालेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जाको पास्टोरियस. त्याच्याकडे 1962 चीच फेंडर बास, पण जॅझ नावाची. त्याने तिचे पडदेच उपटून काढले, खाचा लुगदीने बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा लेप दिला. संग्राहकाच्या भाषेत हा शुद्ध विध्वंस. 1976 सालच्या त्याच्या पहिल्या तबकडीवर जो गाणारा, घसरत जाणारा, मानवी गळ्यासारखा आवाज आहे, तो या विध्वंसातून आला. पुढे त्याच बासचे तुकडे झाले, 1986 मध्ये कारागिरांनी ते एकेक जुळवले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ती चोरीला गेली. दुसऱ्या वर्षी जाको गेला. वीसेक वर्षांनी बास सापडली, आणि आता तिची किंमत आहे ती पडदे काढलेली, लेप दिलेली, फुटून जोडलेली बास म्हणूनच. कुणी तिला पुन्हा पडदे बसवून 1962 च्या मूळ रूपात आणू म्हणेल तर त्याला लोक वेडा ठरवतील.

आणि तिसरे उदाहरण तर आमच्या शास्त्राच्या अगदी जवळचे. कॅनडातल्या रश या संचाचा बासवादक गेडी ली याने अमेरिकेतल्या कॅलमझू गावी गहाणवटीच्या एका दुकानातून 1972 ची जॅझ बास घेतली आणि तिचा मूळ ब्रिज काढून बॅडअ‍ॅस बसवला. 1998 मध्ये फेंडर कंपनीने त्याच्या नावाची बास काढली, ती हा बदललेला ब्रिज लावूनच. आता ज्याने ती 1998 ची बास घेतली त्याच्यासाठी मूळ ब्रिज कोणता? प्रक्षिप्त पाठ कालांतराने स्वीकृत पाठ कसा होतो, याचे इतके चोख उदाहरण आम्हांला पोथ्यांतही क्वचित सापडले असेल. तीत आणखी एक मौज. त्या बॅडअ‍ॅस ब्रिजच्या पुढच्या प्रकारात सॅडल कोरे येत. तार बसायची खाच वादकाने वा त्याच्या कारागिराने कानसीने स्वतः पाडायची.

हे वाचले आणि मिरज डोळ्यांपुढे आली. तंबोऱ्याची घोडी कानसीने आणि काचेच्या कागदाने घासून तिचा पृष्ठभाग असा काही उतरता करतात की तार तिला अगदी पुसट स्पर्श करीत राहते आणि स्वरातून स्वर उमलत जातात. यालाच जवारी काढणे म्हणतात. तार रोज घासते, खोबण पडते, जवारी बसते, मग ती पुन्हा काढावी लागते. दरवेळी घोडी थोडी झिजते. शेवटी पातळ होते, मग नवी. शंभर वर्षांच्या तंबोऱ्याची घोडी मूळची आहे का, असे विचारणारा गवई आम्ही पाहिलेला नाही. तो विचारतो, जवारी कुणी काढली. आपल्याकडे घोडी हा वाद्याचा झिजणारा, फिरून फिरून लिहिला जाणारा भाग आहे. आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते या हातांच्या परंपरेलाच मिळाले आहे, कुठल्याशा मूळ नगाला नव्हे. आमच्यापैकी एकाला इथेच उत्तर सापडले असे वाटले. बदल घोडी आणि वाजव!

दुसऱ्याने मात्र अडवले, आणि ते अडवणे योग्यच होते. तंबोऱ्याची घोडी बदलणारा हात आणि पहिली घडवणारा हात एकाच परंपरेतले असतात. नवी घोडी जुनीसारखीच व्हावी असा त्याचा प्रयत्न असतो. ती म्हणजे त्याच पाठाची नवी प्रत. कारखान्यातून आलेला जड ब्रिज लावणे म्हणजे दुसराच पाठ घालणे होय. शिवाय ही गिटार केवळ फेंडरची नाही. ती एका विशिष्ट माणसाने तीस वर्षे वाजवलेली आहे, आणि त्या ब्रिजवरचा गंज हा त्याच्या घामाचा आहे. ज्या ठिकाणी तळहात टेकत असे तिथे मुलामा अर्धचंद्राकृती गेला आहे. हा हस्तलिखितावर पडलेला तेलाचा डाग आहे. तो पुसणाऱ्याला आपण संशोधक म्हणत नाही.

इथे त्या ब्रिजचे नीट निरीक्षण केल्यावर एक गोष्ट दिसली. पट्टी लाकडावर धरणाऱ्या पाच स्क्रूंपैकी चारांच्या डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच आहे, पाचव्यावर सरळ एकेरी. तो पाचवा आपल्याकडचा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. केव्हातरी एक स्क्रू पडला किंवा तुटला, आणि वडिलांनी हाताशी मिळाला तो लावला. खरेदीदाराने हा स्क्रू बरोबर हेरला होता आणि त्यासाठी किंमत थोडी उतरवली होती. विद्यार्थ्याला त्याचे फारसे काही वाटले नव्हते. आम्हांला मात्र त्या सबंध वाद्यात वडिलांचे म्हणता येईल असे एकमेव अक्षर तेच वाटले. बाकी सारे फुलर्टनचे.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मध्यंतरीच्या तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ काढले आणि पुढच्यांनी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्यांचे उपकार केवढे, हे सांगायला नको. परंतु त्यांनी काय काढले, कोणत्या प्रतीतून काय घेतले, याची नोंद आपल्या हाती नाही. त्यांच्या काळी तशी रीत नव्हती, दोष कुणाचाच नाही. पण म्हणूनच 1909 साली राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापावीशी वाटली, आणि म्हणूनच त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढे वाद झाले. काढलेले पाठ जपून ठेवलेले असते तर त्यांतले निम्मे वाद झाले नसते. आमचा मुद्दा एवढाच आहे. शुद्धीकरणाने हानी होत नाही, काढलेले नाहीसे झाले की होते.

या मुद्द्यावर आम्हां दोघांचे जमले, आणि त्यावरून विद्यार्थ्याला जे सांगितले ते असे. आधी सबंध ब्रिजचा विचारच सोड. बिघडले आहेत ते दोन स्क्रू. गंज सोडवणारे तेल घालून दोन-तीन दिवस ठेव, मग सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक लावून थोडी ऊब दे, मग फिरवून पाहा, आणि घाई करून त्यांची डोकी झिजवू नकोस. सुटले तर त्याच मापाचे नवे दोन घाल. कमीत कमी बदल हाच पहिला नियम. एका अक्षराने अर्थ लागत असेल तर ओळ बदलू नये. नाही सुटले, तर ब्रिज बदल, पण असा निवड की त्याच पाच भोकांत बसेल. लाकडात नवे भोक पाडायचे नाही, कारण तेवढी एकच गोष्ट परत फिरवता येत नाही. काढताना खाली अर्थिंगची बारीक तार असते ती तुटू देऊ नको. नव्या पट्टीखाली ती पुन्हा दाबली गेली पाहिजे, नाहीतर गिटार गुणगुणत राहील. काढलेला ब्रिज, सॅडल, स्प्रिंगा, स्क्रू, सगळे एका डब्यात, आणि डब्यात चिठ्ठी. काय काढले, कोणत्या तारखेला, कशासाठी. डबा पेटीतच ठेव. उद्या गिटार विकलीस तर डब्यासकट वीक आणि घेणाऱ्याला आधी सांग. आणि जो कुणी जुन्या गिटारला हेतुपुरस्सर जुन्यासारखे दिसणारे नवे भाग लावून मूळचे म्हणून विकतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बनावट बखर लिहिणारा आणि तो, दोघेही आमच्या लेखी एकाच पंक्तीचे.

जड ब्रिज की साधा, यावर आम्ही मत दिले नाही. तो कानाचा प्रश्न आहे, आणि कान त्याचा.

मध्यंतरी पॉल मॅकार्टनीच्या हॉफनर बासची बातमी आम्ही दोघांनीही वाचली होती. 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली, 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीला गेलेली ती बास सापडल्याचे फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने ती लंडनच्या रंगमंचावर वाजवली. त्या बासची लाकडी घोडी स्क्रूने बसवलेली नसते. नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या तर ती जागेवरून हलते, आणि पुन्हा बसवताना कानाने जागा शोधावी लागते. पन्नास वर्षे हरवलेले वाद्य हाती आल्यावर त्याला काचेच्या कपाटात ठेवण्याचा मोह कुणालाही झाला असता.

विद्यार्थ्याचा दिवाळीच्या सुमारास फोन आला. दोनांपैकी एक स्क्रू सुटला, दुसरा काही केल्या सुटला नाही. डोके झिजू लागल्यावर तो थांबला. खरेदीदाराला त्याने नाही कळवले. मग त्याने 1973 च्या धाटणीचाच साधा पत्र्याचा ब्रिज मागवला, जड नव्हे. भोके जुळली. जुना काढला तेव्हा पट्टीखाली रंगाचा एक चौकोन निघाला, बाकीच्या अंगावरचा रंग पिवळटला होता तसा नसलेला, जणू परवाच दिलेला. त्याचा फोटो काढून त्याने चिठ्ठीबरोबर डब्यात ठेवला आहे. नव्या ब्रिजबरोबर पाच नवे स्क्रू आले होते. त्यांतले चार लावले. पाचव्या भोकात तो सरळ खाचेचा स्क्रूच परत बसवला, आणि उरलेला नवा स्क्रू डब्यात टाकला. फोन ठेवण्यापूर्वी त्याने सर्वांत जाड तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवून दाखवली. फोनवर ती आम्हांला नीट ऐकू आली नाही. त्याला आली असावी.